अपग्रेडनंतर सर्व्हरवरचं लोकेल: शोध चुकतोय, यादी चुकतेय, लॉगिनला इशारे येतायत

पोथीशाळा

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचा कॅटलॉग आणि सभासदांची नोंदवही एका डेबियन लिनक्स सर्व्हरवर, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. मशीन डेबियन ९ वर होतं. देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते मध्यंतरी डेबियन १२ वर आणलं. पोस्टग्रेसही ९.६ वरून १५ वर गेलं, त्यासाठी त्यांनी पीजी-अपग्रेड हे साधन वापरलं. डेटाबेसचं लोकेल (भाषा, अक्षरांचा क्रम, तारखा-आकडे कसे ते ठरवणारं सेटिंग) ईएन_यूएस, म्हणजे अमेरिकन इंग्रजी, आहे, पहिल्यापासून तेच.

आता अडचणी सांगतो.

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू मराठीत आहे. तिथून एसएसएच करून (म्हणजे दुरून लॉगिन करून) सर्व्हरच्या आत गेलो की पर्ल (प्रोग्रॅमिंगची एक भाषा) दर वेळी लोकेल सेट करता आलं नाही म्हणून पाच-सहा ओळींचा इशारा देतं. काम होतं, पण हे का?

दुसरी अडचण जास्त गंभीर वाटते. दाखल क्रमांक टाकून पुस्तक शोधलं तर काही पुस्तकं सापडतच नाहीत. आमचे क्रमांक ‘म-१-१४३’ अशा धर्तीचे आहेत, मधे आडवी रेघ. पानं उलटत गेलं तर तीच नोंद डोळ्यांसमोर दिसते! शिवाय एका पुस्तकाची दुबार नोंद झाली, आणि त्या रकान्यावर तर युनिकचं बंधन आहे, म्हणजे एकच क्रमांक दोनदा चालायला नको.

तिसरी जुनीच आहे, अपग्रेडच्या आधीपासूनची. सभासदांच्या यादीत काळे आधी येतात, कावळे आणि कासार नंतर. क्षीरसागर मंडळी ‘क’ मध्ये अडकलेली. वाचक विचारतात, ग्रंथपाल मॅडम विचारतात. मराठी ग्रंथालयाची यादी मराठी क्रमाने लागायला हवी, एवढीच अपेक्षा आहे.

या तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का? कुठून सुरुवात करू?

अक्षरजुळारी

सगळ्यात आधी नवीन नोंदी घालणं थांबवा. बाकीचं नंतर. तुमचे इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून डेटाबेसने ठेवलेल्या क्रमवार सूची) बिघडले आहेत आणि प्रत्येक नव्या नोंदीबरोबर गुंता वाढतोय.

कारण असं. पोस्टग्रेस मजकुराची तुलना स्वतः करत नाही, डेटाबेसचं लोकेल ग्लिबसीचं (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचं) असेल तर ते काम ग्लिबसीवर सोपवतं. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.२८ मध्ये क्रमवारीची अख्खी तक्ताबंदी आयएसओ १४६५१ या मानकाच्या नव्या आवृत्तीनुसार बदलली. डेबियन ९ मध्ये ग्लिबसी २.२४ होती, १२ मध्ये २.३६ आहे. म्हणजे तुम्ही ती रेघ ओलांडलीत. इंडेक्स डिस्कवर जुन्या क्रमाने रचलेला आहे, आणि शोधणारा नव्या क्रमाने उतरतो. डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे वळतो आणि ‘नाही’ सांगून परत येतो. नवी नोंद घालतानाही तो चुकीच्या जागी डोकावतो, तिथे जुना क्रमांक दिसत नाही, म्हणून दुबार नोंदीला हरकत घेत नाही.

तुमच्या दाखल क्रमांकांत आडवी रेघ आहे, त्यामुळे फटका नेमका तिथेच बसला. या बदलाची ओळखीची चाचणीही तीच आहे: ‘१-१’ आणि ‘११’ अशा दोन ओळी इंग्रजी आकड्यांत लिहून ईएन_यूएस लोकेलमध्ये सॉर्ट करा. जुनी ग्लिबसी ‘११’ आधी देते, नवी ‘१-१’ आधी देते. जुन्यात विरामचिन्हं पहिल्या फेरीत मोजलीच जात नसत.

डम्प (डेटाची निर्यात) काढून नव्या मशीनवर पुन्हा भरला असता तर इंडेक्स नव्याने बांधले गेले असते. पीजी-अपग्रेड इंडेक्सच्या फायली आहेत तशा पुढे नेतं. आणि ९.६ मध्ये कोलेशनची (अक्षरक्रमाच्या नियमांची) आवृत्ती नोंदवण्याची सोयच नव्हती, त्यामुळे १५ ला इशारा द्यायलाही काही आधार उरला नाही.

करायचं ते असं: पूर्ण बॅकअप घ्या. मग त्या सत्रात इंडेक्स-स्कॅन, इंडेक्स-ओन्ली-स्कॅन आणि बिटमॅप-स्कॅन बंद करून दाखल क्रमांकावर ग्रुप-बाय लावा आणि एकापेक्षा जास्त वेळा आलेले क्रमांक शोधून काढा. ही पायरी इंडेक्स वापरून केली तर उत्तर पुन्हा चुकेल, म्हणून ती स्विचं बंद करायचीच. दुबार नोंदी प्रत्यक्ष पुस्तक हातात घेऊन मिटवा, अंदाजाने एक उडवू नका. त्यानंतर रीइंडेक्स डेटाबेस (सगळे इंडेक्स नव्याने बांधणारी आज्ञा) चालवा. दुबार नोंदी राहिल्या असतील तर युनिक इंडेक्स बांधताना रीइंडेक्स अडेल, ते चांगलंच आहे.

फक्त आकड्यांच्या रकान्यांवरचे इंडेक्स सुरक्षित आहेत. ‘सी’ कोलेशनवरचेही, कारण तिथे तुलना भाषेच्या नियमांनी नाही, थेट बाइटांची होते. बाकी मजकुराच्या एकाही इंडेक्सवर विश्वास ठेवू नका.

सह्यकडा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी पर्लच्या इशाऱ्याबद्दल लिहितो, कारण तो बहुतेक जण दुर्लक्षून पुढे जातात आणि नंतर तोच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो.

तुमच्या लॅपटॉपचं एसएसएच सर्व्हरला सांगतं, ‘माझ्या धन्याचं लँग (भाषेचं सेटिंग) एमआर_आयएन, म्हणजे मराठी (भारत), आहे.’ डेबियन-उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये लँग आणि एलसी_ ने सुरू होणारे सगळे चल (व्हेरिएबल) पाठवायची आणि स्वीकारायची मुभा असते. सर्व्हरवर एमआर_आयएन तयार केलेलंच नाही, म्हणून पर्ल कुरकुरतं आणि सी लोकेलवर उतरतं.

‘तयार केलेलं नाही’ म्हणजे काय, हे नव्या लोकांसाठी जरा सविस्तर. लोकेल ही आधी एक साधी मजकूर फाईल असते. ग्लिबसीच्या लोकेल फायली यूएसआर/शेअर/आय१८एन/लोकेल्स या फोल्डरात सापडतील. एमआर_आयएन उघडून वाचा, सगळ्यांनी एकदा तरी वाचावी अशी फाईल आहे. महिन्यांची नावं, वारांची नावं, पैशाचं चिन्ह, तारखेचा साचा, अक्षरांचा क्रम, होय-नाही कसं ओळखायचं, सगळं तिथे विभागवार लिहिलेलं असतं. पण प्रोग्रॅम ही फाईल वाचत नाहीत. लोकेलडेफ नावाचं साधन तिचं कंपायलेशन करून बायनरी रूप बनवतं आणि ते यूएसआर/लिब/लोकेल मधल्या लोकेल-आर्काइव्ह या एकाच मोठ्या फाईलमध्ये जाऊन बसतं. लोकेल-जेन ही लोकेलडेफला पुन्हा पुन्हा हाक मारणारी छोटी स्क्रिप्ट आहे, एवढंच.

डेबियनवर: ‘लोकेल्स’ पॅकेज टाका, ईटीसी फोल्डरातल्या लोकेल.जेन फाईलमध्ये मराठीच्या ओळीपुढची हॅश खूण काढा, लोकेल-जेन चालवा. इथे एक खाच आहे. इंग्रजी (अमेरिका) ची ओळ ‘ईएन_यूएस.यूटीएफ-८ यूटीएफ-८’ अशी आहे, मराठीची मात्र नुसती ‘एमआर_आयएन यूटीएफ-८’. भारतीय लोकेलं ग्लिबसीत यूटीएफ-८ मध्येच आली, त्यामुळे नावाला शेपूट लावायची गरज पडली नाही. लोक फाईलमध्ये शेपटासकट शोधतात, ओळ मिळत नाही, आणि मराठीला आधारच नाही असं ठरवून मोकळे होतात. आधार आहे. तयार झाल्यावर ‘लोकेल -ए’ ने यादी पाहा, शेपटाविना आणि शेपटासकट, दोन्ही नावं दिसतील.

उबुंटूवर लोकेल-जेनला थेट नाव देता येतं, डेबियनवर फाईलच बदलावी लागते. फेडोरा आणि आरएचईएल ८ पासून पुढे कंपाइल करायचं कामच नाही, ग्लिबसी-लँगपॅक-एमआर हे पॅकेज टाकायचं. आर्चवाल्यांचं डेबियनसारखंच.

आणि पोथीशाळा, सर्व्हरचं मूळ लँग मात्र बदलून मराठी करू नका. लोकेल तयार असणं वेगळं, ते सगळ्या सेवांवर लादणं वेगळं.

नवशिका_प्रशासक

सह्यकडा दादा, ते शेवटचं वाक्य समजलं नाही. मराठी ग्रंथालयाच्या सर्व्हरचं लँग मराठी का नको? आपणच वापरलं नाही तर कोण वापरणार?

सह्यकडा

वापरायचं तर आहेच, पण माणसं वाचतात तिथे. सर्व्हरवरच्या बऱ्याच गोष्टी माणसं वाचत नाहीत, दुसरे प्रोग्रॅम वाचतात. लॉग वाचणारी स्क्रिप्ट ‘मार्च’ शोधत असते इंग्रजी तीन अक्षरांत. बॅकअपची स्क्रिप्ट डीएफ या डिस्कची जागा दाखवणाऱ्या आज्ञेचं आउटपुट कापून त्यातला चौथा रकाना उचलते. तिथे भाषा बदलली की रात्री तीन वाजता काहीतरी अडतं.

क्रम लक्षात ठेव: एलसी_ऑल असेल तर तेच सगळ्यांवर चालतं. ते नसेल तर त्या त्या विभागाचा चल, म्हणजे तारखेला एलसी_टाइम, क्रमवारीला एलसी_कोलेट. तोही नसेल तर लँग. म्हणून एलसी_ऑल कायमस्वरूपी कुठल्याही फाईलमध्ये लिहून ठेवू नये. ते एका आज्ञेपुरतं, तिच्यापुढे लावून वापरायचं. एकदा ते प्रोफाइलमध्ये बसलं की खालचं कुठलंच सेटिंग लागू पडत नाही आणि माणूस तासन्‌तास भलतीकडे शोधत बसतो.

माझी मांडणी अशी आहे: सेवांसाठी लँग सी.यूटीएफ-८. माझ्या स्वतःच्या खात्यात एलसी_टाइम आणि एलसी_मॉनेटरी मराठी, एलसी_पेपर आणि एलसी_मेझरमेंट भारतीय इंग्रजी, कारण अमेरिकन लोकेल ठेवलं की छपाईला ए४ ऐवजी लेटर आकार येतो. कामाच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींत लोकेल स्पष्ट लिहिलेलं. क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सेवेच्या) फाईलमध्येही वर लिहायचं, लॉगिनचं वातावरण तिथे येईल असं धरून चालायचं नाही.

म्यूनिकहून_सुधा

नुसतं सी आणि सी.यूटीएफ-८ यांतला फरक इथे सांगायला हवा. ‘सी लावा’ हा सल्ला इंग्रजी मजकुरापुरता ठीक आहे. ‘नमस्कार’ या शब्दात सात कोडबिंदू (युनिकोडची सुटी चिन्हं) आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. डब्ल्यूसी या मोजणीच्या आज्ञेला अक्षरं मोजायला सांगितली तर यूटीएफ-८ लोकेलमध्ये ते ७ सांगतं, सी मध्ये २१. शब्द ठरावीक लांबीला कापणारी स्क्रिप्ट सी मध्ये देवनागरी अक्षर मधूनच तोडते. सी.यूटीएफ-८ मध्ये क्रम कोडबिंदूंचा, भाषा इंग्रजी, पण अक्षर म्हणजे काय ते कळतं. डेबियनमध्ये ते बरंच आधीपासून होतं, मूळ ग्लिबसीत २.३५ पासून, म्हणजे २०२२ पासून आलं.

मी इथे जर्मन लोकेलबरोबर रोज झगडते, म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा. जर्मनीत दशांश चिन्ह स्वल्पविराम असतं. कार्यालयातल्या मशीनवर एलसी_न्यूमेरिक जर्मन असेल तर बॅशचं प्रिंटएफ ‘३.१४’ ला अवैध संख्या म्हणून नाकारतं. स्क्रिप्ट पुण्याच्या सहकाऱ्याने लिहिलेली, तिकडे उत्तम चाललेली, इकडे पहिल्याच ओळीत थांबते. दोघांचंही काही चुकलेलं नसतं, स्क्रिप्टने आपलं लोकेल सांगितलेलं नसतं. त्यामुळे सह्यकडांच्या ‘स्पष्ट लिहा’ ला माझंही मत.

याची चांगली बाजूही सांगते. ईएन_आयएन लोकेलमध्ये प्रिंटएफला गट पाडायचं चिन्ह, म्हणजे एकेरी अवतरण, दिलं की संख्या लाख-कोटींत स्वल्पविराम घालून येते: १२,३४,५६७. हिशेबाच्या छापील पावत्यांसाठी त्याकरता वेगळा कोड लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत. ते ग्लिबसीत तयार आहे.

पोथीशाळा

सगळ्यांचे आभार. नोंदी थांबवल्या आहेत, बॅकअप झाला. दुबार क्रमांक शोधायची क्वेरी चालवली, अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. ग्रंथपाल मॅडम आणि दोन विद्यार्थी कपाटांपाशी उभं राहून एकेक पडताळत आहेत.

मराठी लोकेल तयार केलं, पर्लचा इशारा गेला.

देवनागरी_आकडे

धाग्याच्या नावात लोकेल आहे म्हणून लिहिते. मी फोनवरची ॲप्स बनवते आणि इथे मराठी वापरकर्त्यांना सर्वांत जास्त त्रास ज्याचा होतो ती गोष्ट सर्व्हरवाल्यांना बहुधा दिसतच नाही.

ब्राउझर आणि फोन ग्लिबसीचं लोकेल वापरत नाहीत. ते युनिकोड संस्थेचा सीएलडीआर हा माहितीसाठा वापरतात, आयसीयू या लायब्ररीतून. सीएलडीआरमध्ये मराठीची मूळ अंकपद्धती देवनागरी आहे. हिंदीची मात्र इंग्रजी आकड्यांची आहे. याचा परिणाम पाहा. जावास्क्रिप्टमध्ये एमआर-आयएन देऊन तारीख किंवा रक्कम छापली की आकडे देवनागरीत येतात. एचआय-आयएन देऊन छापली की इंग्रजी आकड्यांत. भारतीय भाषांची चाचणी म्हणून कंपन्या हिंदीत ॲप तपासतात, सगळं हिरवं दिसतं, आणि मराठीत फोन वापरणाऱ्याच्या हातात ते मोडतं.

मोडतं कसं? अँड्रॉइडवर जावाच्या स्ट्रिंग-फॉरमॅटला लोकेल दिलं नाही तर ते फोनचं लोकेल घेतं. त्यातून बनलेला पत्ता, क्वेरी किंवा ओटीपीचा मजकूर देवनागरी आकड्यांसह सर्व्हरकडे जातो. तिथे पुढे कोण बसलंय त्यावर नशीब. पायथनचं इंट ‘१२३’ बिनतक्रार वाचतं. जावाचं पार्स-इंटही वाचतं. जावास्क्रिप्टचं नंबर ‘एनएएन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’, असं उत्तर देतं. पोस्टग्रेस त्याला पूर्णांक म्हणून घ्यायला नकार देतं. मग लोकांना सल्ला मिळतो: ‘फोन इंग्रजीत करा, सगळं नीट चालेल.’ माझ्या सासूबाईंना हा सल्ला मिळालेला आहे. त्यांनी तो का ऐकावा? त्यांची भाषा त्यांच्या फोनवर असणं हा त्यांचा हक्क आहे आणि ॲप दुरुस्त करणं आमचं काम.

दुरुस्ती अवघड नाही. यंत्रासाठी जे बनतं तिथे लोकेल-रूट (कुठल्याही भाषेशी न बांधलेलं लोकेल) द्यायचं, माणसासाठी जे दिसतं तिथे मराठी. मजकूर मराठी पण आकडे इंग्रजी हवे असतील तर लोकेलच्या नावामागे ‘यू-एनयू-लॅटन’ ही जोड लावता येते. आणि सर्व्हरने येणारे आकडे आधी एका रूपात आणावेत. दहा चिन्हांची तर अदलाबदल आहे.

पोथीशाळा, तुमच्या वाचकांसाठी ऑनलाइन शोध असेल तर कोणी दाखल क्रमांक देवनागरीत टाकून पाहिलाय का?

पोथीशाळा

आत्ता टाकून पाहिला. सापडत नाही. यादीत लिहून घेतलं, रूपांतर बसवतो.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे राजभाषा कायदा १९८७ चा, त्यात कोंकणी राजभाषा आणि मराठीचाही शासकीय वापर. त्यामुळे एकाच संस्थेच्या सर्व्हरवर दोन्ही भाषांच्या नोंदी असणं नेहमीचं. अनेक ठिकाणी देवनागरी आहे म्हणून कोंकणी नोंदींनाही मराठी लोकेल लावून टाकतात. कृपया तसं करू नका. ग्लिबसीत केओके_आयएन हे देवनागरी कोंकणीचं स्वतंत्र लोकेल आहे, लोकेल.जेनमध्ये त्याचीही ओळ आहे. महिन्यांची, वारांची नावं वेगळी आहेत आणि लोकांना ती आपली आपली दिसायला हवीत. कंपाइल करायला काही सेकंद लागतात.

कंटेनरवाला_नाशिक

कंटेनर वापरणाऱ्यांसाठी दोन मुद्दे, कारण आता जुनं मशीन बदलताना सगळे तिकडेच जातात.

डेबियनच्या मूळ डॉकर इमेजमध्ये ‘लोकेल्स’ पॅकेज नसतं. ते टाकून, ओळ उघडून, लोकेल-जेन चालवून मग लँग द्यायचं, हे सगळं इमेज बांधतानाच.

अल्पाइन या छोट्या लिनक्सवर मात्र ग्लिबसी नाही, मसल ही वेगळी सी लायब्ररी आहे. त्यात यूटीएफ-८ नीट आहे, पण भाषेनुसार क्रमवारी नाहीच, तुलना बाइटांची होते. म्हणजे डेबियनवरच्या पोस्टग्रेसचा डेटा-फोल्डर उचलून अल्पाइनच्या इमेजला जोडला तर पोथीशाळांना जे झालं तेच होणार. दोन वेगळ्या ग्लिबसींवर मूळ आणि प्रतिकृती चालवली तरी तेच. इमेज लहान आहे म्हणून निवडण्याआधी हे बघा.

तळटीप

मला इथे थोडं वेगळं सांगायचं आहे. आपण सगळे क्रम कोणत्या लायब्ररीचा याबद्दल बोलतोय, पण मुळात एकच शब्द डेटाबेसमध्ये दोन प्रकारे लिहिलेला असेल तर कुठलंही लोकेल त्याला वाचवू शकत नाही. आणि मराठीत हे सर्रास आहे.

‘ॲ’ घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं, ०९७२ या जागी. त्याआधी लोक ‘अ’ ला चंद्र जोडून तेच लिहीत, आजही कित्येक कीबोर्ड तसंच उमटवतात. दिसायला एक, आत दोन वेगळ्या गोष्टी. आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणात या दोन्हींना समतुल्य मानलेलं नाही, त्यामुळे एनएफसी हे प्रमाणीकरण लावून ते एक होत नाहीत. ‘ॲडव्होकेट’ शोधलं की निम्म्याच नोंदी येतील.

तसंच ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांमधला ऱ्य. कोणी ०९३१ चा ऱ वापरून लिहितो, कोणी साधा र, हलन्त आणि मधे शून्य-रुंदीचा जोडक घालून. पडद्यावर फरक कळत नाही, तुलनेत कळतो.

कॅटलॉगमध्ये नोंद शिरतानाच हे एका रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहा: ॲ एकच, ऱ्य एकच, शब्दाच्या टोकाला लटकणारे अदृश्य जोडक साफ. तेच फंक्शन शोधाच्या शब्दालाही लावा. मूळ नोंद जशीच्या तशी वेगळ्या रकान्यात राहू द्या, कारण जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जे आहे ते बदलायचा आपल्याला अधिकार नाही.

नवशिका_प्रशासक

माझ्या टर्मिनलमध्ये मराठी लोकेल लावून ‘डेट’ चालवलं तर जोडाक्षरं सुटी सुटी दिसतात. लोकेल चुकीचं कंपाइल झालंय का?

सह्यकडा

नाही, लोकेल बरोबर आहे. जोडाक्षर जोडणं हे टर्मिनलचं आणि फॉन्टचं काम. नोमचं टर्मिनल हे करत नाही, कॉन्सोल बरंच बरं करतं. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित मराठी फॉन्ट आहे ना तेवढं पाहा. सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर, म्हणजे ग्राफिक्सशिवायच्या कन्सोलवर, मराठीची आशाच सोड. तिथे फॉन्टमध्ये फार तर ५१२ चिन्हं मावतात. आउटपुट फाईलमध्ये घेऊन एडिटरमध्ये उघड, नीट दिसेल.

अक्षरजुळारी

आता पोथीशाळांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते धाग्यातला खरा मराठी प्रश्न तोच आहे.

युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच पुढे बसलेला आहे, ‘व’ च्या आधी. युनिकोडची भाषानिरपेक्ष क्रमवारीही त्याला तिथेच ठेवते. आपल्या वर्णमालेत य र ल व श ष स ह ळ. म्हणून कोडच्या क्रमाने काटे, काळे, कावळे, कासार असं लागतं आणि आपल्या डोळ्यांना काटे, कावळे, कासार, काळे हवं असतं. ‘क्ष’ संगणकासाठी क, हलन्त आणि ष आहे, त्यामुळे तो ‘क’ मध्येच सापडणार. ‘ज्ञ’ तसाच ‘ज’ मध्ये.

सीएलडीआरच्या मराठी नियमांत ‘ह’ नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’ असा क्रम दिलेला आहे. पोस्टग्रेस १० पासून आयसीयूची कोलेशनं वापरू देतं. तेव्हा: क्रिएट कोलेशन, नाव मराठी, प्रोव्हायडर आयसीयू, लोकेल एमआर-आयएन. मग सभासदांच्या नावांचे आणि पुस्तकांच्या शीर्षकांचे रकाने या कोलेशनवर न्या.

दाखल क्रमांकाचा रकाना मात्र ‘सी’ कोलेशनवर ठेवा. तो कोणी वर्णमालेच्या ओढीने वाचत नाही, तो ओळखपत्राचा क्रमांक आहे. ‘सी’ मध्ये तुलना बाइटांची, ती ग्लिबसी बदलली तरी बदलत नाही, आणि हा रकाना पुन्हा कधीच असा बिघडणार नाही. ओळख पटवायच्या गोष्टी ‘सी’ मध्ये, वाचायच्या गोष्टी मराठीत. टेबल तयार करतानाच हे ठरवावं.

आयसीयूचीही आवृत्ती बदलते आणि तेव्हाही रीइंडेक्स लागतो. फरक असा की पोस्टग्रेस आता कोलेशनची आवृत्ती नोंदवून ठेवतं आणि जुळली नाही तर इशारा देतं. रीइंडेक्स झाल्यावर रिफ्रेश व्हर्जन (नोंदवलेली आवृत्ती ताजी करणारी आज्ञा) चालवायचं, त्याआधी नाही. नुसता इशारा घालवण्यासाठी आधी रिफ्रेश चालवणं म्हणजे बिघाड झाकून ठेवणं.

ग्रंथपाल_निवृत्त

तांत्रिक भाग तुम्ही मंडळी जाणता. मी कार्ड-कॅटलॉगच्या काळापासून ग्रंथालयात काम केलं आहे, म्हणून एक हरकत नोंदवते. ‘क्ष’ शेवटी असावा हे सर्वांना मान्य आहे असं धरू नका. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ ही विशेष संयुक्त व्यंजनं म्हणून शेवटी दिली आहेत, हे खरं. पण आमच्या ग्रंथालयात कार्डं लावताना क्ष हा क च्या जोडाक्षरांत आणि ज्ञ हा ज च्या जोडाक्षरांत लावायची रीत होती, आणि जुने वाचक तिथेच हात घालत. पोथीशाळा, तुमच्या ग्रंथालयाची छापील सूची असेल तर ती आधी उघडा. संगणकाने तिच्याशी भांडू नये.

अक्षरजुळारी

ताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आणि ते करताही येतं. पोस्टग्रेस १६ पासून आयसीयू कोलेशनला स्वतःचे नियम जोडता येतात. मूळ लोकेल भाषानिरपेक्ष ठेवायचं आणि नियम एवढाच द्यायचा: ‘&ह<ळ’. म्हणजे ‘ळ’ आपल्या जागी जातो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ क-ज मध्येच राहतात. डेबियन १२ बरोबर १५ येतं, पण पोस्टग्रेसच्या स्वतःच्या भांडारातून १६ टाकता येईल.

कुठलाही क्रम घेतलात तरी पन्नासेक नावांची एक फाईल हाताने बरोबर लावून ठेवा. काटे, कावळे, काळे, क्षीरसागर, ज्ञानदेव, ॲडव्होकेटवाली एखादी नोंद, ऱ्यवाली एखादी. प्रत्येक अपग्रेडनंतर डेटाबेसकडून तीच नावं लावून घ्यायची आणि दोन्ही फायली ताडून पाहायच्या. फरक दिसला की वाचकांसाठी सर्व्हर उघडायचा नाही.

पोथीशाळा

कळवायला आलो. दुबार नोंदी मिटल्या, रीइंडेक्स न अडता पूर्ण झाला. आधी न सापडणारे क्रमांक आता सापडतात. दाखल क्रमांक ‘सी’ वर नेला. देवनागरी आकड्यांचं रूपांतर शोधाच्या खिडकीत बसवलं, तळटीप यांनी सांगितलेलं शुद्धीकरणाचं फंक्शनही त्यातच घातलं.

छापील सूची निघाली, आणि ताईंचं बरोबर होतं: आमच्याकडे क्ष हा क मध्येच आहे. कार्यकारिणीत विचारून १६ वर जाऊ आणि तो एका ओळीचा नियम लावू.

एक शेवटचं. काउंटरवर विंडोज आहे. सभासद-यादीची सीएसव्ही तिथे एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं येतात. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये मराठी (भारत) निवडलेलं आहे. तरीही का?

म्यूनिकहून_सुधा

कारण मराठीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं आठ-बिटी कोडपेज (अक्षरांच्या संकेतांचा तक्ता) कधी दिलंच गेलं नाही, ती फक्त युनिकोडमध्ये आहे. सीएसव्हीच्या सुरुवातीला खूण नसेल तर एक्सेल ती यूटीएफ-८ आहे असं धरत नाही, मशीनच्या जुन्या कोडपेजनेच वाचतं. निर्यात करतानाच फाईलच्या आरंभी बीओएम, म्हणजे तीच खूण, घाला. पायथनमधून लिहित असाल तर एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्यायचं, बस. आधीच पाठवलेल्या फायली ‘डेटा’ टॅबमधून मजकूर-आयात करून, एन्कोडिंग ६५००१ (यूटीएफ-८) निवडून उघडा. आणि दाखल क्रमांकाचा रकाना तिथे ‘मजकूर’ ठेवा, नाहीतर आडव्या रेघेवाले काही क्रमांक एक्सेल तारखा समजेल.